वाचक विचारतात : जहाजाला ‘शी’ म्हणावं की ‘इट’?

गेल्या अंकात एका वाचकांचं इंग्रजी भाषांतर तपासताना मी ‘विक्रांत’ या युद्धनौकेसाठी ‘शी’ खोडून ‘इट’ सुचवलं होतं. मूळ मराठी वाक्य अगदी साधं होतं : ‘विक्रांत मुंबईत उभी होती, तेव्हा मी ती पाहिली.’ सदरात ती दुरुस्ती दीड ओळीची होती. त्या दीड ओळीवर महिनाभर पत्रं येत राहिली. सिन्नरहून आलं, पिंपळगावहून आलं, इंदिरानगरहून तर चार पानांचं आलं. बाकीचे प्रश्न या महिन्यात बाजूला ठेवते आणि याच एका सर्वनामाला सगळी जागा देते.

मी बारावीत आहे. आयएमयू-सीईटी देऊन मर्चंट नेव्हीत जायचं आहे. कॉलेजात इंग्रजी निबंधात मी जहाजासाठी ‘हर’ लिहिलं, त्याला लाल गोल पडला. म्हणून क्लासमध्ये ‘इट्स’ लिहिलं, तर तिथले सर म्हणाले, ‘बोटीवर असं कुणी बोलत नाही.’ मॅडम, खरं काय धरू? — एक विद्यार्थिनी, सिन्नर

दोन्ही सरांचं बरोबर आहे. पण एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही, म्हणून जरा मुळापासून सांगते.

आधी मराठीत बघ. माझे आजोबा हर्णेचे. सुवर्णदुर्गासमोरच्या बंदरात त्यांचा मचवा असे, नाव ‘महालक्ष्मी’. सुट्टीत आम्ही मुलं ओट्यावर बसलेलो असायचो. खालून कुणीतरी ओरडायचं, ‘महालक्ष्मी लागली!’ की आजी आतून सांगायची, ‘जा रे, मचवा आला.’ लाकूड तेच, शीड तेच, आत बसलेले आजोबा तेच. पण बंदरावर ती ‘लागली’ आणि स्वयंपाकघरात तो ‘आला’. शेजारच्या काकू त्यालाच होडी म्हणायच्या, मग ‘होडी आली’. एखादा कारकून कागदावर ‘सदर गलबत’ लिही, तेव्हा ते नपुंसकलिंगी होई. यात कुणालाही काही खटकत नसे.

याचं कारण असं की मराठीत लिंग शब्दाचं असतं, वस्तूचं नसतं. मचवा तो, पडाव तो, होडी ती, बोट ती, नौका ती, गलबत ते, तारू ते, जहाज ते. ‘नाव’ या शब्दाकडे बघ : ‘ती नाव’ म्हटलं की पाण्यावर तरंगते आणि ‘ते नाव’ म्हटलं की पाटीवर लिहिलेलं असतं. परभाषेतून आलेल्या शब्दांनाही आपण दारातच लिंग देऊन टाकतो. एसटी आली, ट्रक आला, विमान आलं. ट्रकला आपण पुरुष मानतो म्हणून ‘आला’ म्हणतो असं नव्हे. शब्द तसा बसला, एवढंच.

इंग्रजीतही हजारेक वर्षांपूर्वी असंच होतं. जुन्या इंग्रजीत सूर्य स्त्रीलिंगी होता आणि चंद्र पुल्लिंगी. आजच्या ‘वाइफ’चं जुनं रूप, म्हणजे ‘बाई’ या अर्थाचा शब्द, चक्क नपुंसकलिंगी होता. आणि तुझ्या ‘शिप’चं जुनं रूप? तेही नपुंसकलिंगी, आपल्या जहाजासारखं. पुढे काही शतकांत इंग्रजीतून शब्दांचं लिंग गळून गेलं. उरली ती तीन सर्वनामं, आणि त्यांचा नियम : पुरुषाला ‘ही’, स्त्रीला ‘शी’, बाकी सगळ्याला ‘इट’. या नियमानं जहाज सरळ ‘इट’मध्ये जायला हवं होतं. पण मध्ययुगापासूनच इंग्रज त्याला ‘शी’ म्हणत आलेले दिसतात.

म्हणजे जहाजाचं ‘शी’ हे व्याकरणातून आलेलं नाही. ‘लॅटिनमध्ये जहाजाचा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून इंग्रजीत शी’ असं स्पष्टीकरण तुला वाचायला मिळेल. लॅटिनचा तो शब्द स्त्रीलिंगी आहे हे खरं, पण तेवढ्यानं मला पटत नाही. तसं असतं तर लॅटिनमधल्या आणखी शेकडो स्त्रीलिंगी शब्दांनाही इंग्रजांनी ‘शी’ म्हटलं असतं. मला वाटतं, रोज जिच्या भरवशावर जीव टाकायचा त्या वस्तूला ‘इट’ म्हणणं खलाशांच्या जिभेवर आलं नाही. आणि ‘इट’ सोडलं की इंग्रजीत पर्याय दोनच उरतात.

हे व्याकरणाबाहेरचं आहे याची जाणीव त्यांच्या पंडितांनाही होती. बेन जॉन्सन या नाटककारानं इंग्रजीचं एक व्याकरण लिहिलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, ते छापून आलं. त्यात तो सांगतो की जहाजाला आपण ‘ती छान चालते’ असं म्हणतो, मग तिचं नाव हर्क्युलिस असो, हेन्री असो की प्रिन्स. तिन्ही नावं पुरुषांची, त्यातलं पहिलं तर ग्रीक कथांमधल्या सगळ्यात दांडग्या वीराचं.

आता गंमत बघ, आणि ही मला फार प्रिय आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९४५ मध्ये एका विमानवाहू जहाजाचं जलावतरण झालं. युद्ध संपलं होतं, बांधणी अर्धवट राहिली. १९५७ मध्ये भारतानं ते विकत घेतलं, बेलफास्टला त्याचं काम पुरं झालं आणि ४ मार्च १९६१ रोजी ते ‘आयएनएस विक्रांत’ म्हणून नौदलात दाखल झालं. त्या जहाजाचं आधीचं नाव होतं एचएमएस हर्क्युलिस! जॉन्सनच्या उदाहरणातलंच नाव. इंग्रजीत हर्क्युलिस ‘शी’ होती. मराठीत ‘विक्रांत’ हे पुल्लिंगी विशेषण, तरी आपण ‘विक्रांत निघाली’ म्हणतो, कारण मनात ‘युद्धनौका’ हा शब्द असतो. दोन्ही भाषा ‘ती’वर पोचल्या खऱ्या, पण आपण शब्दाच्या वाटेनं गेलो आणि ते माणसांच्या सवयीच्या वाटेनं.

आता परीक्षेचं. निबंधात ‘इट’ लिही. शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल, असोसिएटेड प्रेसची वृत्तलेखनाची नियमावली, आज इंग्रजी लिहिणारे ज्यांच्याकडे बघतात ते बहुतेक सगळे जहाजासाठी ‘इट’च सांगतात. त्या लाल गोलाचं मूळ तिथे आहे. पण तुझं ‘हर’ चूक नव्हतं आणि मी तपासणीस असते तर गुण कापले नसते. गुण कापले असते ते एकाच परिच्छेदात आधी ‘शी’ आणि मग ‘इट’ लिहिलं असतं तर. एक धरलंस की शेवटपर्यंत तेच. आणि दुसरं : ‘शी’ धरलंस तरी मागे जोडणारं सर्वनाम ‘हू’ करू नकोस. ‘द शिप विच लॉस्ट हर मास्ट’ हे बरोबर, ‘द शिप हू’ नाही. इंग्रज जहाजाला ‘ती’ म्हणतात, पण ‘कोण’ म्हणण्यापर्यंत जात नाहीत. आमच्या वर्गात चौतीस वर्षांत ही चूक मी अगणित वेळा पाहिली.

तू मर्चंट नेव्हीत जाणार आहेस म्हणून एक जास्तीचं सांगते. समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, १९७२ चे. ते तुला पुढे तोंडपाठ करावे लागतील. त्यातला तेरावा नियम ओव्हरटेकिंगचा. दुसऱ्या जहाजाच्या बीमच्या, म्हणजे जहाजाच्या लांबीशी काटकोनात जाणाऱ्या आडव्या रेषेच्या, मागे २२.५ अंशांहून जास्त कोनातून जे जहाज जवळ येतं, ते ओव्हरटेक करणारं. म्हणजे रात्री त्याला पुढच्या जहाजाचा फक्त पिछाडीचा दिवा दिसेल, बाजूचे तांबडे-हिरवे दिवे दिसणार नाहीत. या नियमाच्या इंग्रजी मजकुरात त्या जहाजांसाठी ‘शी’ आणि ‘हर’ छापलेलं आहे. कायद्याच्या भाषेत! आणि दहाच वर्षांनंतरचा, १९८२ चा, संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार घे. त्याच्या ९२ व्या कलमात म्हटलं आहे की प्रवासात असताना जहाजानं आपला झेंडा बदलू नये, आणि तिथे ‘इट्स फ्लॅग’ आहे. दोन्ही मजकूर जगभरच्या देशांनी मान्य केलेले. तेरावा नियम म्हणताना ‘शी’च म्हण. तोंडी परीक्षेत नियमाचे शब्द बदलायचे नसतात.

आम्ही द्राक्षं निर्यात करतो. शिपिंग एजंटच्या ई-मेलमध्ये ‘शी विल बर्थ टुमारो’ असं येतं, म्हणजे जहाज उद्या धक्क्याला लागेल. नवीन मुलीनं पहिल्यांदा वाचून विचारलं, कोण बाई येणार आहेत? आम्ही उत्तरात काय लिहावं? — पॅकहाउसचे व्यवस्थापक, पिंपळगाव बसवंत

तुम्ही ‘व्हेसल’ किंवा जहाजाचं नाव लिहा, सर्वनाम लागलंच तर ‘इट’. कुणाला खटकणार नाही. एजंटला ‘शी’बद्दल दुरुस्ती सुचवू नका, तो त्याच्या धंद्याची भाषा बोलतो आहे.

एकच खबरदारी. जहाज भाड्यानं घेण्याच्या करारांचे छापील नमुने जुन्या वळणाचे असतात. ‘जेनकॉन’ या प्रसिद्ध नमुन्यात असं कलम आहे की जहाजानं ठरलेल्या बंदरात जावं, किंवा ‘शी’ जितकी सुरक्षितपणे जवळ जाऊ शकेल तितकं जवळ, आणि सतत तरंगत राहावं. तुमच्या रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरच्या कागदांत हे सहसा येणार नाही, पण कधी उद्धृत करायची वेळ आली तर ‘शी’ जसंच्या तसं ठेवा. करारातला शब्द आपल्या पसंतीनं बदलला की वाद निघतात. त्या नवीन मुलीला मात्र माझ्याकडून शाबासकी द्या. न समजता पुढे पाठवण्याऐवजी तिनं विचारलं.

मी इंग्रजी मजकुराचं मराठी भाषांतर करतो. ‘द शिप... शी’ असं आलं की ‘ते जहाज... ती’ असं लिहितो. संपादक प्रत्येक वेळी खोडतात. मूळ भाव हरवत नाही का? — एक भाषांतरकार, देवळाली कॅम्प

संपादक योग्य करतात. ‘ते जहाज वादळात सापडलं, पण ती बुडाली नाही’ हे वाचून मराठी वाचक आधीच्या वाक्यात बाई शोधायला लागतो. मराठीत सर्वनाम नामाच्या मागे चालतं. ‘जहाज’ लिहिलंत तर ‘ते’, आणि क्रियापदही नपुंसकलिंगी. ‘ती’ हवीच असेल तर नाम बदला : बोट, नौका, आगबोट. टायटॅनिकचं बघा. ‘टायटॅनिक ही बोट बुडाली’ आणि ‘टायटॅनिक हे जहाज बुडालं’ दोन्ही आपल्याकडे नांदतात, पण ‘टायटॅनिक हे जहाज बुडाली’ कुणी म्हणत नाही.

जर्मनांचीही काहीशी अशीच रीत आहे, आणि ती बघण्यासारखी आहे. त्यांचा जहाजाचा शब्द नपुंसकलिंगी, पण जहाजाचं नाव घेतलं की ते स्त्रीलिंगी होतं, मग नाव पुरुषाचं का असेना. बिस्मार्क हा मिशीवाला पंतप्रधान, पण त्याच्या नावाची युद्धनौका जर्मन व्याकरणात ‘ती’. माझ्या आजोबांच्या बंदरावरचा ‘मचवा’ आणि ‘महालक्ष्मी’ आठवले मला ते वाचताना. फ्रेंचांचे आणि रशियनांचे जहाजासाठीचे नेहमीचे शब्द मात्र पुल्लिंगी आहेत. समुद्र, वादळ आणि भीती तीच.

मूळ भाव हरवतो का, हा तुमचा प्रश्न खरा आहे. इंग्रजी ‘शी’त जी माया असते ती मराठी ‘ती’त आपोआप येत नाही, कारण आपली ‘ती’ खुर्चीलाही असते आणि चपलेलाही. ती माया दुसरीकडून आणावी लागेल. क्रियापदातून, विशेषणातून, बोलणाऱ्याच्या सुरातून. ‘बिचारं जहाज’ म्हणा, ‘आपलं तारू’ म्हणा. ‘आपलं’ या शब्दात मराठी माणूस जे सांगतो, ते इंग्रजी खलाशी ‘शी’त सांगतो असं मला वाटतं.

नातीनं विचारलं, ‘आजी, जहाजाला बाई का म्हणतात?’ मी इंटरनेटवरून एका पितळी पाटीचा फोटो दाखवला, त्यात कारणं लिहिलेली होती. नात रागावून उठून गेली. आता मलाही वाटतं, हा अपमानच आहे. तुम्ही ‘इट’ लिहिलंत ते बरं केलंत. — एक निवृत्त परिचारिका, गंगापूर रोड

त्या पाटीची नक्कल मीही पाहिली आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या भेटवस्तूंच्या दुकानांत ती वर्षानुवर्षं विकली जाते. रंगरंगोटीचा खर्च फार, भोवती सतत पुरुषांचा घोळका, चालवायला अनुभवी पुरुष लागतो, असली ‘कारणं’. तुमची नात रागावली ते योग्यच केलं. ती पाटी हलकट आहे. ती भाषेचा इतिहासही नाही. शतकानुशतकं चालत आलेल्या सवयीला मागाहून चिकटवलेला तो पुरुषी विनोद आहे.

पण पाटी वेगळी आणि शब्द वेगळा. मी या दोन्हींची गल्लत करायला तयार नाही. अमेरिकेनं १९५३ पासून अटलांटिकच्या चक्रीवादळांना फक्त बायकांची नावं द्यायला सुरुवात केली. मग बातम्यांमध्ये त्या वादळांचं वर्णन लहरी, आदळआपट करणाऱ्या बायका असं होऊ लागलं. स्त्रियांनी विरोध केला आणि १९७९ पासून त्या यादीत पुरुषांचीही नावं आली. तिथे बदल व्हायलाच हवा होता. विध्वंस करणाऱ्या वस्तूला मुद्दाम, ठरवून, फक्त बाईचं नाव देणं हा अन्यायच. जहाजाचं ‘शी’ असं कुण्या कार्यालयानं ठरवून दिलेलं नव्हतं. ते बोलण्यातून आलं, आणि बोलणाऱ्यांचा जीव त्या जहाजावर अवलंबून होता.

तरीही काळ बदलतो आहे. लंडनचं ‘लॉइड्स लिस्ट’ हे १७३४ मध्ये सुरू झालेलं जहाजधंद्याचं पत्र. मार्च २००२ मध्ये त्यांनी ‘शी’ सोडून ‘इट’ घेतलं. संपादकांचा मुद्दा असा होता की जहाज ही अखेर व्यापारी मालमत्ता आहे, तिला काही स्वभाव नसतो. २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या सागरी संग्रहालयात, अर्व्हिन या गावी, कुणीतरी माहितीफलकांवरचं ‘शी’ खरवडून काढलं. एकदा नव्हे, दोनदा. मग संग्रहालयानंच नवे फलक ‘इट’ वापरून करायचं ठरवलं. त्यावर रॉयल नेव्हीनं जाहीर केलं की आमची जुनी परंपरा आहे, आमच्या जहाजांना आम्ही ‘शी’च म्हणणार.

यात माझं मत विचाराल तर फलक खरवडणाऱ्याची रीत मला मान्य नाही, पण संग्रहालयाचा निर्णय मान्य आहे. ज्या लहान मुलीला फलक वाचायचा आहे तिला ‘इट’ सोपं. मला खटकतो तो ‘स्वभाव नसतो’ हा मुद्दा. आजोबांच्या मचव्याला स्वभाव होता. वारा पडला की तो डावीकडे ओढायचा, आणि सुकाणूवर आजोबा सोडून दुसरं कुणी बसलं तर जास्तच. ‘हट्टी आहे मेला,’ असं त्यांचे तांडेल, म्हणजे मचव्यावरचे मुख्य खलाशी, म्हणायचे. म्हणजे स्वभाव आहे, माया आहे, रागावणं आहे, आणि लिंग पुल्लिंगी. मराठी माणसाला वस्तूत जीव ओतायला तिला बाई करावं लागत नाही, ‘तो’ म्हणूनही जमतं आणि ‘ते’ म्हणूनही जमतं. घरातल्या मुलाला आपण ‘ते पोरगं’ म्हणतोच की. इंग्रजीत ‘इट’ म्हटलं की जीव काढून घेतल्यासारखं होतं, त्यामुळे तिथल्या खलाशाला ‘इट’ नको वाटतं. त्यांच्या भाषेची ही अडचण आहे आणि तिचं उत्तर त्यांचं त्यांनीच शोधायचं आहे.

नातीला एक गोष्ट जरूर सांगा. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका निघाली. वर सहा जणी, सगळ्या नौदल अधिकारी, नेतृत्व लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांचं. पृथ्वीप्रदक्षिणा करून त्या २१ मे २०१८ रोजी परतल्या. पूर्वी पाश्चात्त्य खलाशांत समजूत होती की जहाजावर बाई असणं अपशकुनी. जहाजाला ‘ती’ म्हणायचं आणि ‘ती’ला जहाजावर घ्यायचं नाही! खरा अपमान तिथे होता. आपल्या नौदलातही वैद्यकीय सेवेबाहेर महिला अधिकारी घ्यायला १९९२ साल उजाडावं लागलं. ‘तारिणी’ला ‘शी’ म्हणायचं की ‘इट’, हे तुमच्या नातीनं खुशाल ठरवावं. ती मोठी होऊन सुकाणूवर बसली तर तिचाच शब्द चालेल.

मॅडम, आपण आमच्या विक्रांतला ‘इट’ केलंत. मी नौदलात खलाशी होतो, ‘गोदावरी’वर चार वर्षं काढली. नाशिकचा माणूस आणि गोदावरीवर, वडिलांना केवढा अभिमान! नातवासाठी इंग्रजीत आठवणी लिहितो आहे, तीन पानं जोडली आहेत. त्यातलं ‘शी’ मी बदलणार नाही. — एक माजी नौसैनिक, इंदिरानगर

आपलं पत्र मी दोनदा वाचलं, आणि पानंही. मी गेल्या अंकातली दुरुस्ती मागे घेते. त्या वाचकांनी ‘शी’ लिहिलं होतं ते आपल्यासारख्याच जिव्हाळ्यानं, आणि मी ते वर्तमानपत्राच्या मापानं मोजलं. विद्यार्थ्यांना ‘इट’ सांगता सांगता माझा हात तसाच वळला.

‘गोदावरी’बद्दल इतर वाचकांसाठी थोडं सांगते. भारतातच आराखडा होऊन भारतातच बांधलेल्या फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) जहाजांमधली ती पहिली. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली आणि १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात दाखल झाली. ‘गंगा’ आणि ‘गोमती’ या तिच्याच वर्गातल्या. अशा जहाजांना इंग्रजीत ‘सिस्टर शिप’ म्हणतात, आणि ‘इट’ लिहिणारी वर्तमानपत्रंही हा शब्द बदलत नाहीत. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये बंडखोर उतरले आणि नंतर ‘प्रोग्रेस लाइट’ या मालवाहू जहाजावर ओलीस घेऊन पळाले, तेव्हा त्या जहाजाला गाठणाऱ्यांत ‘बेतवा’बरोबर ‘गोदावरी’ होती. २३ डिसेंबर २०१५ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली. याआधीही ‘गोदावरी’ नावाचं एक जहाज होतं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. फाळणीनंतर ते पाकिस्तानच्या वाट्याला गेलं.

आपण लिहिलंय की जहाजावर कुणी ‘गोदावरी’ म्हटलं की आपल्या तोंडून ‘गंगा’ निघायचं, आणि मग ‘गंगा’ हे दुसरंच जहाज असल्यानं घोटाळा व्हायचा. नाशिकबाहेरच्या वाचकाला हे कळणार नाही. आपण गावातले लोक गोदावरीला गंगाच म्हणतो. पावसाळ्यात ‘गंगेला पाणी आलं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं’ असंच आपलं बोलणं. त्या परिच्छेदात नातवासाठी दोन ओळी वाढवा, तो पुण्यात वाढला असेल तर त्याला हे माहीत नसेल.

हर्णेचं म्हणाल तर आमचा मचवा १९६८ च्या सुमारास मोडीत निघाला. फळ्या उतरवताना आजोबा बंदरावर गेले नाहीत. आपण तिसऱ्या पानावर लिहिलंय की शेवटचा झेंडा उतरला तेव्हा टीव्हीवर बघवलं नाही, उठून अंगणात गेलात. तिथे आपण ‘शी वॉज टायर्ड’ असं लिहिलंय. ते वाक्य ‘इट’नं होणार नाही, मी करून पाहिलं.

पानं तपासून सोबत परत पाठवते आहे. ‘शी’ला कुठेही हात लावलेला नाही. पहिल्या पानावर सातव्या ओळीत ‘द शिप हू’ आहे, तिथे ‘विच’ करा. दुसऱ्या पानावर कोचीच्या प्रसंगात मध्येच तीनदा ‘इट’ आलं आहे, ते मात्र ‘शी’ करून घ्या. आणि ‘आयएनएस’च्या आधी ‘द’ लावू नका, नुसतं ‘आयएनएस गोदावरी’ पुरे.